पाठीवरची माती

आमच्या वस्तादांना माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, पाठी राहत. रस्त्यात समोरून कोणी ‘राम राम वस्ताद’ म्हणत आला, की ते डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचे, रामरामाला रामराम करायचे, आणि तो पुढे निघून गेल्यावर मागे वळून त्याची पाठ बघत मोठ्यांदा ओरडायचे, “आरं, ह्यो व्हय!” मग त्या बिचाऱ्याला हाक मारून परत बोलवायचं, घरची म्हातारी कशी आहे, म्हैस व्याली का, असं सगळं सावकाश विचारायचं. भर बाजारात माणूस दोनदा भेटायचा तो असा. एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाला समोरून ओळखलंच नाही. तो बोहल्यावर चढायला वळला तेव्हा पाठ दिसली आणि वस्ताद मांडवातून ओरडले, “ह्येला मी पडायला शिकवलंय!” मुलीकडच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

धंद्याने ते पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उश्या भरायच्या. त्यांच्या दाढीत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू कायम चिकटलेले असायचे. दुकानाच्या मागच्या अंगाला आमची तालीम होती. कोल्हापुरात त्या काळी तालमींना तोटा नव्हता. खुद्द महाराजांनाच कुस्तीचा नाद, मग रयत काय मागे राहणार! पण बाकीच्या तालमींत मल्ल घडायचे आणि आमच्यात पोरं यायची. तीही अशी, की ज्यांना दुसरा कुणी दारात उभं करणार नाही. एक तोतरं, एक अंधाराला भिणारं, एक सावत्र आईच्या माराने सदा खांदे आवळून चालणारं. त्यांना वस्ताद ‘गठ्ठा झाल्याला कापूस’ म्हणायचे. “कापूस वाईट नसतोय,” म्हणायचे, “निस्ता दबल्याला असतोय. पिंजाय लागतोय.”

तालमीत एका कोनाड्यात मारुती होता आणि समोरच्या कोपऱ्यात मोहरमच्या पंज्याची जागा होती. वस्ताद आधी मारुतीपुढे उदबत्ती लावायचे, मग पंज्याच्या जागेपुढे ऊद घालायचे, आणि शेवटी कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर लाल माती कपाळाला लावायचे. आम्हीही तेच करायचो. सगळ्यांत जास्त कुणाला मानायचं हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि गरजही वाटली नाही.

मी तिथे गेलो तो दहा वर्षांचा असताना. लांबलेल्या तापातून उठलो होतो. अंगात हाडं तेवढी राहिली होती, पण खरं दुखणं वेगळंच होतं. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला, की उत्तर यायचं, मात्र तोंड उघडायचं नाही. छड्या खायचो, बोलायचो नाही. आमचे आबा दरबारच्या दप्तरात कारकून. ते मला हाताला धरून वस्तादांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, “वस्ताद, ह्येला पैलवान करू नगासा. ह्येचं तोंड उघडंल असं कायतरी करा.”

वस्तादांनी माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही. “पाठ दाखीव,” म्हणाले. मी सदरा वर केला. त्यांनी माझ्या मणक्यावरून अंगठा फिरवला, वरून खाली, गादीतली गाठ चाचपावी तसा.

“भ्याल्याली पाठ हाय,” ते आबांना म्हणाले. “मोडकी न्हाय. सोडून जावा.”

पहिला महिनाभर त्यांनी मला फक्त पाडलं. दुकानात पिंजलेल्या कापसाचा ढीग असायचा, त्यावर. मानगूट धरून मागे ढकलायचे, पाय ओढून पाडायचे, बोलता बोलता धक्का द्यायचे. मी कापसात गडप व्हायचो आणि शिंकत वर यायचो. पडताना अंग सैल सोडायचं, हनुवटी छातीला टेकवायची, श्वास धरायचा नाही. एवढंच शिकवणं. महिन्याने म्हणाले, “कापसावर कोन बी पडतंय. आता मातीत चल.”

आणि मातीत गेल्यावर त्यांचा तो नियम सुरू झाला. त्या नियमापायी वस्तादांना निम्मी पेठ वेडा म्हणत असे. लढतीत ज्याची पाठ लागेल त्याने पाठीची माती पुसायची नाही. आंघोळ करायची नाही, सदरा घालायचा नाही. तसंच उघड्या पाठीने भर रस्त्यातून घरी जायचं. आणि वाटेत कुणी विचारलं, ‘कुणी पाडलं रे?’ तर थांबून सांगायचं, कुणी पाडलं आणि कुठल्या डावावर पाडलं.

पहिल्या दिवशी मी गल्लीबोळातून, भिंतींना पाठ घासत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वस्ताद तालमीच्या दारात उभे. “भित्तीला माती लावून आलास व्हय? आज मंडईतनं जायाचं.”

त्या दिवशी मला तालमीतल्या शिवाने पाडलं. मंडईच्या तोंडाशी एक आक्का भाजी विकायला बसायच्या. जाड आवाजाच्या, कपाळभर कुंकवाच्या. त्यांनी मला गाठलंच. “कुनी पाडलं रं बाळा?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आजूबाजूची चार गिऱ्हाइकं थांबली. मला शाळेतली छडी आठवली. शेवटी कसंबसं म्हणालो, “शिवानं. पट काढला.”

“आणि तू काय केलंस?”

“काय न्हाय.”

“काय न्हाय म्हंजे? पट आला की पाय मागं टाकायचा आन् वरनं दाबायचं की!” आक्कांनी वांग्यांची पाटी बाजूला सारली आणि बसल्या जागी हातवारे करून दाखवलं. एका गिऱ्हाइकाचं म्हणणं वेगळं पडलं. त्याच्या मते बगलेतून हात घालायला हवा होता. दोघांची जुंपली, आणि मी मध्येच उभा राहून त्यांना सांगत होतो, की शिवाने डावा पाय धरला, उजवा नाही. बोलत होतो! चांगलं खणखणीत बोलत होतो. पुढे पुढे तर मी पडलो, की आक्कांना काय सांगायचं ते मनात जुळवतच उठायचो. सहा महिन्यांनी शाळेत उभा राहून धडा म्हणालो तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा लावला. वर्गासमोर उभं राहायचं म्हणजे काय, मंडईपेक्षा ते सोपंच होतं.

एका पोराच्या आईला हे सहन झालं नाही. ती पंचा घेऊन तालमीत आली आणि पोराची पाठ पुसायला लागली. वस्तादांनी तिच्या हातातून पंचा ओढून घेतला. त्यांचा राग वाईट होता. चिडले म्हणजे कापूस पिंजायचा दांडका जमिनीवर आपटायचे. “बाई,” ते ओरडले, “झाकल्यालं पडनं आत मुरतंय! दिसू दे की! दिसलं म्हंजे वाळतंय आन् झडतंय!” ती बाई पोराला घेऊन गेली ती परत आली नाही. ते पोर चांगलं होतं. वस्ताद दोन दिवस त्याची वाट बघत दारात बसले, पण बोलवायला गेले नाहीत. हट्टी होते. त्यांच्या हट्टाने दोन-चार पोरं तरी हातची गेली, हे मला आज कळतं.

त्यांच्या शब्दाला मात्र मैदानात मोल होतं. एका जत्रेत पंचांनी आमच्या शिवाला विजयी केलं, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि वस्ताद धोतर सावरत आखाड्यात उतरले. “न्हाय हो,” म्हणाले, “आमचंच पडलं. मी बघितलं.” पंच ओशाळले, शिवा रडला, आणि वस्तादांनी त्याला माती लागल्या पाठीने सबंध जत्रेतून फिरवून आणला. तेव्हापासून कुठे वाद झाला, की पंच म्हणायचे, पिंजाऱ्याला विचारा. तो आपल्या पोराचीही बाजू घेणार नाही.

हे सगळं सांगतोय ते मुद्दामच. माझी गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

मी बाराव्या वर्षात होतो. लहान पोरांच्या कुस्त्या एरवी रेवड्यांवर व्हायच्या. मूठभर रेवड्या हातावर ठेवायचे आणि पळ म्हणायचे. पण त्या दिवशीची कुस्ती तशी नव्हती. जो पोरगा शेवटची कुस्ती मारेल त्याला फेटा मिळणार होता, आणि थोरल्या तालमीत जागा. दूध-बदामाचा खुराक दरबारचा. शेवटच्या जोडीत एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गडमुडशिंगीच्या एका शेतकऱ्याचा पोरगा. काळा, आखूड मानेचा, गप्प. त्याचा बाप बैलगाडी सोडून आखाड्याच्या कडेला उकिडवा बसला होता. आणि माझे आबा आयुष्यात पहिल्यांदा माझी कुस्ती बघायला आले होते, दप्तराच्या कोटासकट.

आम्ही बराच वेळ झुंजलो. मग त्याने मला कमरेला धरून उचललं, आणि दोघेही आखाड्याच्या कडेला कोसळलो. मी खाली होतो. माझे दोन्ही खांदे मातीला लागले. मला ते चांगलं कळलं. दोन वर्षं रोज मातीत पडलेल्याला पाठ कधी लागते ते सांगावं लागत नाही. पण जोर इतका होता, की त्याच झोकात आम्ही उलटलो आणि तो खाली आला, मी वर. पंच पलीकडच्या बाजूला होते. धावत आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच. त्यांनी माझा हात वर केला.

“आदी ह्येची लागली!” मुडशिंगीचा पोरगा ओरडला. त्याचा बाप उठून उभा राहिला. लोकांत दोन तट पडले. पंचांनी रिवाजाप्रमाणे वस्तादांना बोलावलं.

नेमका त्यांच्यापुढे कोणीतरी उंच फेटेवाला उभा होता. त्यांना काही दिसलं नव्हतं. ते आखाड्यात आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पाठ लागली का रं?”

तालमीत हे ते रोज विचारायचे आणि आम्ही रोज सांगायचो, लागली. त्या शब्दाची आम्हाला भीती उरली नव्हती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात गर्दीत आबा दिसले. टोपी हातात, कपाळावर घाम, आणि तोंडावर असा आनंद, की तसा मी त्यांच्या तोंडावर घरी कधी पाहिला नव्हता.

“न्हाय,” मी म्हणालो. खणखणीत म्हणालो. वस्तादांनीच शिकवलं होतं बोलायला.

“आमचं पोरगं न्हाय म्हनतंय,” वस्ताद पंचांकडे वळून म्हणाले. “म्हंजे न्हाय.”

वाद तिथेच संपला. मुडशिंगीचा बाप गाडीकडे गेला. पोरगा मात्र माझ्याकडे बघत उभा राहिला. फेटा आला, तो बांधायला वस्ताद माझ्या मागे गेले. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि थांबला. अंगावर उधळलेली माती कोरडी असते, हात लावला की झडते. दाबून बसलेली माती घामाने चिकटते, तिचा थर होतो. माझ्या दोन्ही खांद्यांवर थर होता. वस्तादांच्या बोटांना हे सांगायला कुणाची गरज नव्हती. हात तिथे किती वेळ राहिला कोण जाणे. मग त्यांनी फेटा बांधला, पदराचं टोक सोडलं, आणि त्या टोकाने माझी पाठ पुसली.

त्यांनी पुसलेली ती पहिली पाठ. मी पुढे बघत उभा होतो, म्हणून त्यांचं तोंड मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरं तालमीत गेलो तर वस्ताद हौद्यात उताणे पडलेले. आम्ही घाबरलो. ते उठले, बंडी खांद्यावर टाकली आणि पाठभर लाल माती घेऊन बाहेर पडले. मंडईतून गेले. साठीकडे झुकलेला माणूस, दाढीत कापूस, पाठीला माती. आक्कांनी हाक मारली, “वस्ताद, तुमास्नी कुनी पाडलं वो?”

“पडलो आक्का.”

“पर कुनी?”

सांगायचा नियम त्यांचाच होता. ते थांबले. “आपल्याच डावात पडलो,” म्हणाले आणि चालू लागले. लोक हसले. मी चार पावलं मागे होतो. मला हसायला आलं नाही आणि बोलायलाही आलं नाही. तेव्हाच पुढे पळत जाऊन त्यांचा हात धरायला हवा होता. दोन शब्द बोलायचे होते. मी मान खाली घालून घरी गेलो.

थोरल्या तालमीत मी सहा महिने टिकलो. दूध प्यायलो, बदाम खाल्ले, पण आखाड्यात उतरलो, की पाठ जड व्हायची. कुणी हात लावला, की आपणहून पडायचो. लोक म्हणाले, पिंजाऱ्याचं पोरगं चार दिवस चमकलं. आबांनी मला पुन्हा शाळेत घातलं, पुढे वसतिगृहात राहून शिकलो, मास्तर झालो. माझ्या वर्गात एखादं पोर धडधडीत खोटं बोलतं तेव्हा बाकीचे मास्तर छडी उगारतात. माझा हात उठत नाही.

वस्तादांनी मला काही विचारलं नाही. मी तालीम सोडली तरी रस्त्यात भेटले, की आधी ओळखायचे नाहीत आणि पाठ दिसली, की हाक मारायचे. एक सवय मात्र त्यांना नवी लागली होती. दर सोमवारी पिंजणी खांद्यावर टाकून ते गडमुडशिंगीला जायचे. पोरांत थट्टा चालायची, की मुडशिंगीत गाद्यांवर झोपणारे एवढे कोण निघाले? घोंगडीवर झोपणारं गाव ते. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याने तिकडे दुसरा संसार मांडलाय. मीही त्या हसण्यात असायचो. हे लिहिताना लाज वाटते.

मास्तर झाल्यावर एकदा त्यांना भेटायला गेलो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खाटेवर बसले होते, शेजारी कापसाचा ढीग, हात सवयीने त्यातली सरकी वेचत होते. मी नाव सांगितलं.

“नाव कशाला सांगतोस? पाठ इकडं कर.”

मी कोट-सदरा काढून त्यांच्याकडे पाठ करून बसलो. त्यांनी हात फिरवला, मणक्यावरून, मग दोन्ही खांद्यांवरून. तिथे तो पुन्हा थांबला.

“बोल,” म्हणाले. “काय सांगायचं हाय?”

घरात आम्ही दोघंच होतो. बाहेर कुणी ऐकणारं नव्हतं, आबा नव्हते, पंच नव्हते. त्याहून सोपी वेळ मला देवानेही दिली नसती. मी म्हणालो, “काही नाही वस्ताद. सहज आलो होतो.”

“बरं,” म्हणाले. “सदरा घाल. गार हाय.”

ते पावसाळ्यानंतर गेले. त्यांच्या मातीला मी गेलो होतो. परतताना एक काळा, आखूड मानेचा माणूस मूठभर माती टाकून हात झाडताना दिसला. चेहरा ओळखू आला नाही. तो वळून चालू लागला तेव्हा पाठीवरून ओळखला. त्याच्यामागे जायचं धैर्य मला महिनाभराने झालं.

एका सोमवारी गडमुडशिंगीला चालत गेलो. तो गोठ्यात म्हैस धूत होता. मी कोण ते सांगायच्या आत त्याने घोंगडी अंथरली. “बसा पावणं,” म्हणाला. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, “त्या दिवशी आधी माझी पाठ लागली होती.”

“म्हाईत हाय की,” तो म्हणाला. “वस्तादांनी पयल्याच सोमवारी येऊन सांगितलंतं. माझ्या बाच्या पाया पडले ते. म्हनले, ‘तुमचं पोरगं पडल्यालं न्हाय, माझं पडलंय.’ मग दर सोमवारी येऊन मला शिकवायचे. हितंच, ह्या गोठ्याच्या मागं.”

“मग त्यांनी पंचांना का सांगितलं नाही?”

“मी बी ह्येच इचारायचो. राग यायचा मला. माझी जागा गेलीती, मास्तर. बानं मला औताला जुंपलंतं.” त्याने म्हशीच्या पाठीवर पाणी ओतलं. “म्हनायचे, ‘मी सांगितलं तर ते पोरगं जल्मभर खाली मान घालंल. त्येनं सांगितलं तर उठंल. यील ते. मी शिकवलंय त्येला.’ वसरीवर पाय ठेवला की पयलं इचारायचे, ‘आलतं का?’ मी म्हनायचो, ‘न्हाय.’ ‘यील,’ म्हनायचे.”

मी मनात हिशेब केला. तेरा वर्षं. खांद्यावर पिंजणी घेऊन, डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावरही कुणाचा तरी हात धरून. वस्तादांनी त्याच्यावर अन्यायच केला होता, माझ्यापायी. तो तसं म्हणाला नाही, पण ते होतंच.

“शेवटाला मी बघाय गेलतो,” तो म्हणाला. “लई थकलेते. डोळं मिटूनच इचारलं, ‘आलतं का?’ मला बघवंना. मी म्हनलो, ‘व्हय वस्ताद. आलता. समदं सांगून गेला.’”

“मग?”

“हसले. म्हनले, ‘तू बी खोटं बोलाय लागलास व्हय.’ आन् आमच्याकडं पाठ करून झोपले.”

गडमुडशिंगी आमच्या दारापासून अडीच कोस. सकाळी निघालं तर जेवायला घरी परत येता येतं.